कामिकोची बंद होण्याआधी

मात्सुमोतो, जपान
८ ऑक्टोबर २०२५

अहो,

मायना काय लिहायचा यातच दोन कागद वाया गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजात, तुम्ही जिल्हा परिषदेत, आणि संध्याकाळी दोघंही सोलापुरात एकाच छपराखाली. म्हणून नुसतं 'अहो'. चेतना हसतेय. म्हणते, आई, फोन कर की. आता मी लेकीला काय सांगू, की देवळातल्या पूजेची वहिवाट चालू असेपर्यंत तुझे बाबा मोबाइलला शिवत नाहीत, आजोबांचा नियम आहे! तुमच्या आजोबांच्या काळी मोबाइल कुठे होता, हे देव नृसिंहालाच ठाऊक.

मी सुखरूप पोचले. जावई हृषीकेशराव आणि चेतना दोघंही घ्यायला आले होते. तुमच्या नावाचं तिकीट रद्द केलेलं नाही, तारीख पुढे ढकलता येते असं हृषीकेशराव म्हणाले. माणूस लाख आहे, तुम्हाला एका शब्दानं बोलला नाही. मी मात्र बोलणार. यंदा पूजेची वहिवाट अमृतभाऊजींची होती, आपली पुढच्या वर्षी. भाऊजींचा फोन आला, गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणून, आणि तुम्ही लगेच 'दादा, यंदा मी बसतो देवाजवळ' म्हणून मोकळे झालात. मी तेव्हा आतल्या खोलीत दोघांच्या बॅगा भरत होते. मला विचारावं असंसुद्धा वाटलं नाही? दिवसभर मी वाट पाहिली, तुम्ही काहीतरी म्हणाल. सोलापूर स्टेशनावर गाडी हलताना म्हणालात ते काय, तर 'मग नैवेद्याचं काय?'

असो. इथला किल्ला पाहिला. काळा कुळकुळीत, लाकडाचा, खाली पाण्याचा खंदक आणि त्यात हे एवढाले मासे. आत जाताना बूट काढून पिशवीत घालायचे आणि पिशवी हातात धरायची, आपल्या देवळात बाहेर काढून ठेवतो त्यापेक्षा बरं, चोरीला जायची भीती नाही. जिने म्हणजे शिड्याच. एका हातात पिशवी, एका हातात साडी आणि वर चढायचं. मधल्या मजल्यावर बसकण मारली, पण शेवटपर्यंत गेले. वरून चहूकडे डोंगर दिसतात. आपल्याला माढ्याच्या वाटेवर एक टेकडी दिसली तरी आपण 'घाट आला' म्हणतो!

चेतनाच्या घरापासून आगगाडी, मग बस असं करत कामिकोची म्हणून जागा आहे. तिथं खासगी गाड्या जाऊ देत नाहीत. नितळ नदी, तिच्यावर लाकडी पूल आणि समोर बर्फाचे डोंगर. चेतना उद्याच चल म्हणत होती. मी म्हटलं, ते राहू दे. बाकीचं मी पाहते, कामिकोची तुझ्या बाबांबरोबर पाहीन. थंडीमुळे पंधरा नोव्हेंबरला ते बंद होतं, मग थेट एप्रिलात उघडतं. अमृतभाऊजी दिवाळीनंतर पुण्याहून परत येणार म्हणाले होते ना? ते आले की त्यांचा मुलगा बघेल पूजेचं. तुम्ही या. वाट पाहते, हे काही मी पुन्हा पुन्हा लिहिणार नाही.

तुमची,
लीला

•

नृसिंह मंदिर, उंबरवेढे, ता. माढा
दिवाळी पाडवा, २२ ऑक्टोबर

सौ. लीलेस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. तू सुखरूप पोचलीस हे वाचून जीव भांड्यात पडला. किल्ल्याच्या शिड्या चढायची काही गरज नव्हती. खालून पाहिला असता तरी किल्ला किल्लाच राहतो.

इकडे सर्व ठीक आहे. नैवेद्य मी करतो. आपल्या घराण्याचा नियम असा, की नैवेद्य वहिवाटदाराच्या पत्नीच्याच हातचा हवा. नियम मोडला त्याबद्दल रोज देवाची क्षमा मागतो. वरण-भात जमतो. पोळ्यांचा आकार देवाने मनावर घेऊ नये. काल लक्ष्मीपूजनाला पुरण घातले तर ते इतके सैल झाले की पोळीत राहीना, शेवटी वाटीत वाढले. अक्षर वेडेवाकडे आहे, त्याचे कारण पेन खराब आहे.

दूध घालायला तानाबाई येते, ती शेळ्यामेंढ्यांवाल्या येडूची बायको. पहिल्या दिवशी तिने गाभाऱ्याच्या दारातूनच विचारले, "बाई कुटं गेल्या म्हनायच्या?" जपानला म्हटले. "तितं काय हाय?" म्हटले, डोंगर, नदी, किल्ले. "आन् द्येवाला कोन जेवू घालतंय? तुमी? लई झालं की!" आणि हसत हसत गेली. आता रोज येताना डोकावून जाते, स्वयंपाकघरातून धूर येतोय का ते बघायला. परवा म्हणाली, "बाईस्नी सांगा, द्येव बारीक झालाय."

आज पाडवा. सगळ्या घरांत बायका ओवाळतात. गुरव बसलिंगप्पाच्या बायकोने ओवाळू का म्हणून विचारले. मी नको म्हटले. तूही तिकडे सण केला असशीलच.

दादाचे ऑपरेशन चांगले झाले. तो महिनाअखेर येईल म्हणतात. आल्यावर पाहू. नक्की काही लिहीत नाही, कारण दिलेला शब्द आणि देवाची सेवा दोन्ही अर्ध्यावर सोडून सहलीला जाणे मनाला पटत नाही. पण पाहू. तू मात्र जागा पाहायच्या ठेवू नकोस. इतका खर्च करून गेलीस तर सगळे पाहून घे.

वेणीमाधव

•

मात्सुमोतो
२ नोव्हेंबर

अहो,

पेन खराब नाही. हात भाजलाय. टेलिफोन एक्स्चेंजात काम केलेली बाई आहे मी, पलीकडचा माणूस खोटं बोलतोय हे श्वासावरून ओळखायची. अक्षरावरून ओळखायला कितीसा वेळ लागणार! कोरफड लावा. देवळामागे, हौदापाशी आहे.

पाडव्याला मी काय केलं, ते विचारलंत नाही, तरी सांगते. जावयाला चेतनानं ओवाळलं. मग तिनं विचारलं, आई, बाबांच्या फोटोला ओवाळतेस का? मी म्हटलं, अगं, फोटोला ओवाळायला ते काय... नको ते तोंडातून निघायच्या आत जीभ चावली.

परवा झेनकोजी नावाच्या मोठ्या देवळात गेलो होतो. अहो, तिथला देव कुणालाच दिसत नाही. भक्तांना नाही आणि पुजाऱ्यालाही नाही! पेटीत बंद आहे, शेकडो वर्षं. काही वर्षांनी एकदा त्याची नक्कल तेवढी बाहेर काढतात. मनात आलं, तुम्हाला इथं वहिवाट मिळाली असती तर तुम्ही काय केलं असतंत? अभिषेक कुणाला, नैवेद्य कुणाला? दाराशी एका बसलेल्या साधूची लाकडी मूर्ती आहे. आपलं जे दुखतं तिथं त्या मूर्तीला हात चोळायचा, म्हणजे बरं वाटतं म्हणे. लोकांनी चोळून चोळून त्याचे नाक-डोळे झिजवून टाकलेत. मी त्याचा गुडघा चोळला, अमृतभाऊजींसाठी. माझं वाट्टोळं केलेल्या गुडघ्यासाठी मी हात झिजवते, बघा मन किती मोठं आहे.

त्याच देवळाच्या खाली एक बोळ आहे, मिट्ट काळोखाचा. डोळे उघडे काय, मिटले काय, सारखंच. उजवा हात भिंतीला लावून चालत राहायचं, मध्येच एक कुलूप हाताला लागतं, ते खडखडवलं की पुण्य. चेतना पुढे होती, तिच्या जॅकेटला धरून चालले. कुलूप लागलं. त्या काळोखात तुमची आठवण झाली. खरं सांगायचं तर तोवर दिवसभर झाली नव्हती. किल्ल्यात, त्या थंड पाण्यात उगवणाऱ्या तिखट हिरव्या मुळांच्या मळ्यात, नराई नावाच्या जुन्या लाकडी गावात, सगळीकडे मी मजेत होते. नराईत रस्त्याच्या कडेला पाण्याची कुंडं आहेत, वाटसरूनं ओंजळीनं प्यावं म्हणून. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बरोबर नेली होती, ती तिथं बसून खाल्ली. एका म्हातारबुवांना थोडी चटणी दिली तर त्यांनी तीनदा वाकून नमस्कार केला आणि मग डोळ्यांतून पाणी काढलं, तिखटानं.

डोंगर लाल-पिवळे झालेत. चेतना म्हणते कामिकोचीतली झाडं तर सोन्यासारखी झालीत, थोड्याच दिवसांत झडतील. भाऊजींचा मुलगा अनीश तिला मोबाइलवर कळवत असतो. भाऊजी घरी आले म्हणे, काठी घेऊन देवळापर्यंत चालतही येतात. मग आता अडचण काय राहिली? हे पत्र पोचेपर्यंत हातात फार दिवस उरणार नाहीत, हे मला कळतं. पण हे पत्र मिळायच्या आधीच तुम्ही निघाला असाल, असंही कधी कधी वाटतं. दाराची घंटा वाजली की उठते. चेतनाला ते दिसतं.

लीला

•

उंबरवेढे
१३ नोव्हेंबर

सौ. लीलेस,

तुझे पत्र काल आले. आज लिहायला बसलो आहे आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. हात भाजला होता, हे खरे. आता बरा आहे.

दादा पंधरवड्यापूर्वी आला. पहिल्याच दिवशी काठी टेकत देवळात आला आणि ओवरीत बसला. मी चुलीपाशी होतो. मला पाहून म्हणाला, "अगदी तुझ्या बाबांसारखा दिसतोस रे. काका असेच उकिडवे बसून नैवेद्य करायचे." मला वाटले, थट्टा करतो आहे. मी म्हटले, दादा, नैवेद्य तर आईच्या हातचा असायचा. तर म्हणाला, "छे रे. काकू येतच नव्हत्या वहिवाटीला. त्या सोलापुरात, तुमच्या शाळा होत्या. काकाच रांधायचे सगळं. काकू पुढं पुढं यायला लागल्या, त्यांना करमेना म्हणून. नियम कसला त्यात?" मी पुन्हा पुन्हा विचारले. बसलिंगप्पालाही विचारले. तोही तेच म्हणाला. नियम असा कधी नव्हताच, लीला. मी लहानपणी आईला इथे चुलीपाशी पाहिले आणि तोच नियम धरून बसलो. कुणी मला सांगितलेला नाही. मीच मानला आणि मीच तुला सांगितला.

त्या दिवसापासून माझे कशात लक्ष नाही. आपल्याकडे जेव्हा जेव्हा वहिवाट आली, तेव्हा तेव्हा तू नोकरीतली रजा टाकून इथे धूर खात बसलीस. तुझ्या एक्स्चेंजातल्या मैत्रिणी काश्मीरला गेल्या तेव्हा तू पैसे भरून परत घेतलेस. चेतनाच्या आजारपणातही आठवडाभर उशिरा गेलीस. हे सर्व माझ्या डोक्यातल्या एका नसलेल्या नियमापायी. मला माहीत असते तर मी तुला एकदाही अडवले नसते. खुशाल जा म्हटले असते. देवाशपथ सांगतो.

दादा म्हणाला, तू जा जपानला, अनीश आणि मी बघतो. जाऊ शकलो असतो. बॅगही काढली होती. मग वाटले, कुठल्या तोंडाने येऊ? आणि आता तू पहिल्यांदाच मोकळी होऊन काही पाहते आहेस, मजेत आहेस असे तूच लिहितेस. तिथे येऊन पुन्हा माझी सरबराई तुझ्या गळ्यात कशाला घालू? 'माझा चहा', 'माझे पंचे', हे सुरू व्हायला वेळ लागत नाही, मला मी ठाऊक आहे. म्हणून आलो नाही. तुझ्या पहिल्या पत्रात पंधरा तारखेचे वाचले होते. ती परवाच आहे. माझ्यासाठी थांबली नसशील अशी आशा करतो.

यापुढे वहिवाटीला तू नाही आलीस तरी चालेल. हे मी मनापासून लिहितो आहे. परत यायचीही घाई करू नकोस. हवे तितके राहा. इथे मला सर्व जमते.

वेणीमाधव

•

मात्सुमोतो
२६ नोव्हेंबर

अहो,

पंधरा तारखेला आम्ही कामिकोचीला गेलो. म्हणजे शेवटच्या दिवशी. त्याआधीच्या शनिवारी जावई चला म्हणाले, तर मी पाय दुखतो म्हटलं. झाडांची पानं झडून गेली होती. पुलावर माणसं जमली होती, पुजारी मंत्र म्हणत होते, डोंगराचे वर्षाचे आभार मानून दार लावून घेतात तिथं. नदी इतकी नितळ की तळाचा गोटा न् गोटा दिसावा. डोंगरावर नवा बर्फ होता. इतकं देखणं मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. आणि मला रडू येत होतं. चेतनानं विचारलं, आई, थंडी वाजते का? मी हो म्हटलं.

नंतर तुमचं पत्र आलं. तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंय हे मला कळतं. तुम्हाला माझ्यासाठी वाईट वाटतंय, हेही कळतं. पण आता मी लिहिते ते नीट वाचा.

नियम नाही, हे मला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वहिवाटीपासून ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, चल, नैवेद्य बायकोच्याच हातचा लागतो. मी सासूबाईंना विचारलं, खरंच का हो असा नियम आहे? तर त्या हसल्या. म्हणाल्या, "नियम कुठला आलाय! हे स्वतः रांधायचे. वेणीला 'तू माझ्याबरोबर चल' असं म्हणता येत नाही ग, लाजतो तो. म्हणून देवाला पुढं करतो. तू आपलं हो म्हण." मी हो म्हटलं. पुढची सगळी वर्षं हो म्हणत राहिले.

अहो, मला वाटायचं, तुम्हाला मी हवी असते, म्हणून तुम्ही नियम सांगता.

घरी तुम्ही पेपरात डोकं घालून बसायचात. उंबरवेढ्याला तसं नव्हतं. संध्याकाळची आरती झाली की ओवरीत यायचात, माझ्यापाशी बसायचात, लहानपणीचं काहीबाही सांगायचात. हसायचात. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याशी बोलायचात ते तिथंच. काश्मीरला जायचं मीच नाकारलं. मैत्रिणींना ताठ मानेनं सांगितलं, आमच्या यांना वहिवाटीत मी लागते. त्या मला चिडवायच्या आणि मला ते आवडायचं. तुम्ही मला अडकवलं नव्हतंत, मी थांबत होते. आणि आता तुम्ही लिहिता, माहीत असतं तर एकदाही अडवलं नसतं, खुशाल जा म्हटलं असतं.

तुम्ही एवढंच लिहायचं नव्हतं. दुसरं काहीही लिहिलं असतंत तरी चाललं असतं.

यंदा मी निघाले ती रागानं नाही. मला न विचारता तुम्ही भाऊजींना हो म्हणालात, तेव्हा मनात आलं, आता तरी तोंड उघडतील. नियमाचं नाव न घेता 'लीला, थांब' म्हणतील. म्हणाला असतात तर स्टेशनावरून परत फिरले असते.

चेतना म्हणते, बर्फ पडला की माकडं गरम पाण्याच्या कुंडात येऊन बसतात, ते बघायला थांब. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मला इथं राहता येतं. मी हो म्हटलंय. तिथं सर्व जमतं, असं तुम्हीच लिहिलंय.

तब्येतीला जपा.

लीला

•

उंबरवेढे
७ डिसेंबर

लीला,

तुझे पत्र चारदा वाचले. मग तुला एक पत्र लिहिले. त्यात असे लिहिले, की आई खरे बोलत होती, मला नियम नव्हता हे माहीत होते, लाजेपोटी देवाला पुढे केले, आणि दादाची गोष्ट मी उगाच रचून लिहिली. छान झाले होते पत्र. तुझी सगळी वर्षे तुला परत मिळाली असती. पाकिटात घातले, तुझा पत्ता लिहिला आणि पोस्टात टाकायला निघालो. वाटेत तानाबाई भेटली. "बाई कवा येनार?" म्हणाली. परत आलो आणि पत्र चुलीत घातले. तुझ्याशी खोटे बोलून तुला परत आणले असते, तर ते चोरीचे झाले असते.

मला माहीत नव्हते. मी नियम खराच समजत होतो. आईने तुला तिच्या मनाने सांगितले. कदाचित तिला माझ्यातले काही दिसत असेल जे मला दिसत नव्हते, पण मी ते केले नाही, हे खरे आहे. तू ज्याच्यासाठी थांबत होतीस, तो माणूस मी नव्हतो. असायला हवा होतो.

तू लिहिलेस ते वाचल्यावर मी स्वतःला विचारून पाहिले. पहिल्याच वर्षी दादाने मला सांगितले असते, की वेणी, नियम नाही, तर मी काय केले असते? तुला सोलापुरात ठेवून एकटा आलो असतो. तू चल, असे म्हणण्याची माझी हिंमत झाली नसती. ओवरीत बसून बोलायला कुणी मिळाले नसते, आणि काय चुकते आहे हेही मला कळले नसते. माझ्या आयुष्यात जे बरे झाले, ते एका चुकीमुळे झाले. हे कळायला तुला इतक्या दूर जावे लागले.

अनीश पूजा करू लागला आहे. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, पोळ्याही गोल होतात. दादा म्हणतो, तू सोलापूरला जाऊन आराम कर. जुळे सोलापूरच्या फ्लॅटवर एक दिवस जाऊन आलो. माझी भरलेली बॅग उघडून तू माझे कपडे पलंगावर ठेवून गेली होतीस, ते तसेच होते, घडी घातलेले. मी ते उचलले नाहीत. शेजारी बसून राहिलो.

मला येता येईल का, हे हृषीकेशरावांना विचारायला अनीशच्या मोबाइलवरून फोन लावला होता. तिकीट निघेल, पण व्हिसाची मुदत संपली, नवा करायचा तर तू परत यायची वेळ होईल, असे म्हणाले. तुला सांगू नका म्हटले. आता मीच सांगतो आहे.

माकडे बघ. बर्फ बघ. त्यात कमी करू नकोस. मी पंधरा तारखेला त्या पुलावर यायला हवे होते. तू पाय दुखतो म्हणून थांबलीस, आणि मी इथे बॅग भरून पुन्हा रिकामी केली.

नैवेद्याला तू लागत नाहीस. देवाला लागत नाहीस. मला लागतेस. हे लिहायलाही आज सकाळपासून संध्याकाळ झाली. समोर असतीस तर जमले नसते बहुधा, पण तू परत आलीस की समोर बसून म्हणायचा प्रयत्न करीन. ऐकायचे की नाही ते तू ठरव.

ये.

वेणीमाधव